चिंताशामक गोळ्या : घेण्याचा काळ आणि सोडण्याचा काळ

उज्जैन नगरीचा आणि कालगणनेचा संबंध फार जुना आहे. प्राचीन भारतीय ज्योतिर्विदांनी आपली मध्यरेषा याच नगरीवरून जाते असे मानले. अठराव्या शतकात सवाई जयसिंगाने येथे वेधशाळा उभारली. बारा ज्योतिर्लिंगांपैकी महाकालाचे स्थानही येथेच आहे. १८१० मध्ये दौलतराव शिंदे यांनी आपले ठाणे ग्वाल्हेरजवळच्या लष्कर येथे नेले, तोपर्यंत उज्जैन ही शिंद्यांची राजधानी होती. त्यामुळे अनेक मराठी कुटुंबे क्षिप्रेच्या काठी पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत, आणि महाराष्ट्राच्या गावागावांतून महाकालाच्या दर्शनास जाणाऱ्यांचा ओघही अखंड चालू असतो. २०१६ मध्ये येथे सिंहस्थ झाला. पुढचा सिंहस्थ २०२८ मध्ये येत आहे.

या माळवा प्रांताची आणखी एक ओळख आहे, ती अफूची. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू उज्जैन, इंदूर यांसारख्या पेठांतून मुंबई बंदराकडे आणि तेथून चीनकडे जात असे. आजही मंदसौर, नीमच, रतलाम या भागांत सरकारी परवान्याने खसखशीची लागवड होते आणि नीमच येथे सरकारी अफू व अल्कलॉइड कारखाना आहे. नशेला मराठीत ‘अंमल’ असा शब्द आहे. राज्यसत्तेलाही तोच शब्द आहे. एखादा पदार्थ शरीरावर राज्य करू लागतो, हे आपल्या पूर्वजांनी भाषेतच नोंदवून ठेवले आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

आज मात्र अनेक घरांत अंमल चालतो तो अफूचा नव्हे, तर उशाखाली किंवा पाकिटात जपून ठेवलेल्या एका लहानशा गोळीचा. ही गोळी चोरट्या बाजारातून आलेली नसते. बहुधा ती एखाद्या कठीण प्रसंगी डॉक्टरांनीच योग्य कारणासाठी दिलेली असते. प्रसंग निघून जातो. गोळी मात्र राहते. पुढे ती सोडण्याचा प्रयत्न केला की चिंता पूर्वीपेक्षा अधिक वेगाने उसळून येते आणि माणूस घाबरून पुन्हा गोळीकडे वळतो. ही उसळी का येते, ती किती दिवस टिकते आणि तिच्यातून सुरक्षितपणे कसे बाहेर पडावे, याची माहिती ग्रामस्थ, शिक्षक आणि अधिकारी या सर्वांना असणे अगत्याचे आहे.

या औषधांची ओळख

चिंता कमी करणाऱ्या आणि झोप आणणाऱ्या औषधांचा आज सर्वाधिक वापरला जाणारा गट बेन्झोडायझेपिन या नावाने ओळखला जातो. या गटातील पहिले औषध क्लोरडायझेपॉक्साइड होय. लिओ स्टर्नबाख या रसायनशास्त्रज्ञाने ते शोधले आणि १९६० मध्ये ते ‘लिब्रियम’ या नावाने बाजारात आले. १९६३ मध्ये त्याच्या पाठोपाठ डायझेपाम, म्हणजे ‘व्हॅलियम’ आले. भारतात डायझेपाम ‘काम्पोज’ या नावाने इतके प्रसिद्ध झाले की कित्येक वर्षे झोपेच्या कोणत्याही गोळीला लोक काम्पोजच म्हणत. पुढे नायट्राझेपाम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम अशी अनेक औषधे आली. झोल्पिडेम हे झोपेचे औषध रचनेने वेगळे असले, तरी मेंदूत ते जवळजवळ याच जागी काम करते.

ही औषधे वाईट आहेत असे कोणी समजू नये. फिट येत असलेल्या रुग्णाचे प्राण ती वाचवितात. शस्त्रक्रियेपूर्वी, तीव्र भीतीच्या झटक्यात, तसेच दारू सोडताना येणाऱ्या धोकादायक अवस्थेत त्यांचा उपयोग निर्विवाद आहे. या औषधांच्या आधी बार्बिट्युरेट गटातील गोळ्या दिल्या जात. त्यांची मात्रा थोडी जरी अधिक झाली तरी श्वास बंद पडून मृत्यू ओढवे. त्या मानाने नवी औषधे पुष्कळच सुरक्षित ठरली, आणि म्हणूनच ती सढळ हाताने दिली जाऊ लागली. प्रश्न औषधाचा नसून मुदतीचा आहे. काही दिवसांसाठी दिलेली गोळी काही वर्षे चालू राहिली की तिचे स्वरूप पालटते.

या धोक्याची सूचना फार लवकर मिळाली होती. १९६१ मध्ये अमेरिकेतील लिओ हॉलिस्टर आणि त्यांचे सहकारी यांनी मोठ्या मात्रेत क्लोरडायझेपॉक्साइड घेणाऱ्या रुग्णांपैकी ११ जणांचे औषध एकाएकी थांबवून त्याऐवजी औषधविरहित गोळ्या दिल्या. त्यांपैकी १० जणांत नवी लक्षणे दिसली आणि दोघांना फिट आली, तीही सुमारे आठवड्याभराने. त्या काळी असे वाटले की हा दोष केवळ मोठ्या मात्रेचा असावा. परंतु १९८० नंतरच्या दशकात ब्रिटनमधील माल्कम लेडर, पीटर टायरर आदी संशोधकांनी दाखवून दिले की डॉक्टर नेहमी देतात त्या साध्या मात्रेतही, गोळी दीर्घकाळ घेतली असल्यास, हीच अवस्था उद्भवू शकते. १९८८ मध्ये ब्रिटनच्या औषध सुरक्षा समितीने ही औषधे दोन ते चार आठवड्यांपेक्षा अधिक काळ देऊ नयेत, असा सल्ला डॉक्टरांना दिला. २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या गटातील सर्व औषधांच्या माहितीपत्रकावर अवलंबित्व आणि त्यागलक्षणे यांचा ठळक इशारा छापणे बंधनकारक केले.

मेंदूतील लगाम

मेंदूचे काम दोन शक्तींच्या तोलावर चालते. एक शक्ती मेंदूला जागे, सावध आणि उत्तेजित ठेवते. दुसरी त्याला लगाम घालते. लगाम घालणाऱ्या रासायनिक द्रव्याला ‘गाबा’ म्हणतात. चिंताशामक गोळी स्वतः लगाम ओढीत नाही. गाबाने ओढलेला लगाम ती अधिक घट्ट करते. त्यामुळे छातीतील धडधड कमी होते, स्नायू सैल पडतात आणि झोप येते.

परंतु मेंदू आपला तोल सहसा सोडीत नाही. लगाम दररोज बाहेरून घट्ट केला जात आहे असे दिसताच तो स्वतःचा लगाम ढिला करतो आणि उत्तेजित करणारी बाजू वाढवितो. म्हणून काही आठवड्यांनी तीच गोळी पूर्वीइतका गुण देत नाही. मग गोळी एकाएकी बंद केली की बाहेरचा लगाम सुटतो, आतला आधीच ढिला झालेला असतो, आणि उत्तेजना मोकाट सुटते. चिंतेची उसळी ती हीच.

कोल्हापूर पद्धतीचा बंधारा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे चटकन उमगेल. फळ्या बसविल्या की वरच्या अंगाला पाणी चढत जाते आणि खालचे पात्र शांत दिसते. सगळ्या फळ्या एका दिवसात उपसून काढल्या तर खालच्या गावात पाणी शिरेल. त्याच फळ्या एकेक करून काढल्या तर तेच पाणी गुमान वाहून जाते. पाणी दोन्ही वेळा तेवढेच असते. फरक पडतो तो काढणाऱ्याच्या घाईने.

तीन निरनिराळ्या गोष्टी

गोळी थांबविल्यावर होणारा त्रास सर्वांना एकसारखाच वाटतो. वस्तुतः त्याचे तीन प्रकार आहेत आणि त्यांतील भेद ओळखणे फार महत्त्वाचे आहे.

पहिला प्रकार उसळत्या चिंतेचा. ज्या तक्रारीसाठी गोळी सुरू केली तीच तक्रार, पण पूर्वीपेक्षा अधिक तीव्र स्वरूपात, गोळी थांबताच एकदोन दिवसांत परत येते. झोपेसाठी गोळी घेतली असेल तर मुळीच झोप लागत नाही. लागली तर भयंकर स्वप्ने पडतात. झोपेच्या या उसळीचे वर्णन अमेरिकेतील संशोधकांनी १९७८ मध्ये केले. ही उसळी सामान्यतः काही दिवसांत, फार तर एकदोन आठवड्यांत ओसरते.

दुसरा प्रकार त्यागलक्षणांचा. यात पूर्वी कधीही नव्हत्या अशा तक्रारी दिसतात. हात थरथरतात, घाम सुटतो, मळमळते, स्नायू फडफडतात, अंगावर मुंग्या धावतात, साधा प्रकाश डोळ्यांना खुपतो आणि भांड्याचा आवाजही सहन होत नाही. भोवतालचे जग खरे नाही असे काहींना वाटू लागते. तीव्र अवस्थेत भास होतात, माणूस भ्रमिष्टासारखा वागतो, त्याला फिट येते आणि जिवावर बेतू शकते. ही लक्षणे बहुधा दोन ते चार आठवडे राहतात. काहींच्या बाबतीत सौम्य स्वरूपात कित्येक महिने रेंगाळतात.

तिसरा प्रकार मूळ आजार परतण्याचा. तो हळूहळू, कित्येक आठवड्यांनी डोके वर काढतो, पूर्वीच्याच तीव्रतेचा असतो आणि आपोआप ओसरत नाही. त्याला उपचार हवेत. पण ते उपचार म्हणजे तीच गोळी असे नव्हे.

सर्वसामान्य माणसाची गफलत होते ती येथेच. गोळी बंद केल्यावर दुसऱ्याच रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, छाती धडधडू लागली, की तो म्हणतो, “बघा, माझा आजार किती मोठा आहे, या गोळीवाचून माझे चालणारच नाही.” तो गोळी घेतो आणि अर्ध्या तासात त्याला बरे वाटते. त्यामुळे त्याची समजूत अधिकच पक्की होते. प्रत्यक्षात तो त्रास आजाराचा नसतो. तो गोळीनेच मागे ठेवलेला असतो आणि गोळीच तो तात्पुरता झाकीत असते. एवढे समजले तरी मनातील निम्मी भीती कमी होते. असा रुग्ण दुबळ्या मनाचा नसतो आणि त्याला व्यसनी म्हणून हिणविणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

औषधाचे घड्याळ

उसळी केव्हा येणार हे गोळी शरीरात किती काळ राहते यावर अवलंबून असते. अल्प्राझोलामचा निम्मा अंश साधारणपणे अकरा-बारा तासांत शरीरातून निघून जातो. लोराझेपामला दहा ते वीस तास लागतात. डायझेपाम व त्यापासून शरीरात तयार होणारी द्रव्ये मात्र कित्येक दिवस रक्तात राहतात. वृद्धांच्या शरीरातून ही औषधे आणखी सावकाश बाहेर पडतात.

म्हणून अल्प्राझोलाम थांबविणाऱ्यास दुसऱ्याच दिवशी त्रास सुरू होतो. रात्री गोळी घेणारा सकाळी उठतो तोच अस्वस्थ असतो, कारण रात्रीच्या गोळीचा अंमल तोपर्यंत उतरलेला असतो. दोन मात्रांच्या मधली ही चिंता पुष्कळांना आजारच वाटते आणि त्यापायी ते आपल्या मनाने एक गोळी वाढवितात. उलट डायझेपाम थांबविणाऱ्यास पहिले तीनचार दिवस काहीच होत नाही. “मी सहज सोडली,” असे तो सांगत फिरतो, आणि आठवड्याभराने त्रास सुरू झाला म्हणजे त्याचा संबंध गोळीशी जोडणे कोणालाच सुचत नाही. हॉलिस्टर यांच्या रुग्णांना फिट उशिरा आली, तिचे कारणही हेच होय.

अफूचा अनुभव येथे लावू नये

माळव्यात पूर्वी काही समाजांत पाहुण्यापुढे अफूचे पाणी, म्हणजे ‘कसुंबा’, ठेवण्याची चाल होती. महाराष्ट्रातही मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या स्त्रिया तान्ह्या मुलांना अफूची ‘बाळागोळी’ देत असत. त्यामुळे अफूची तलफ आणि ती सोडतानाचे हाल जुन्या पिढीच्या परिचयाचे होते. त्या अनुभवावरून एक समजूत रूढ झाली: मन घट्ट करावे, खोलीचे दार लावून घ्यावे, चार दिवस लोळावे, की सुटका झाली.

अफू एकाएकी सोडणाऱ्याचे हाल अतोनात होतात. तथापि अन्यथा धडधाकट असलेल्या प्रौढाचा त्यात सहसा जीव जात नाही. चिंताशामक गोळ्यांचे तसे नाही. दीर्घकाळ घेतलेली गोळी एकाएकी बंद केल्याने फिट येऊन मृत्यू संभवतो. या बाबतीत तिचे साम्य अफूशी नसून दारूशी आहे. म्हणून “मर्द असशील तर आजपासून बंद कर,” हा वडीलधाऱ्यांचा प्रेमाने दिलेला सल्ला येथे घातक ठरू शकतो.

याचे एक मोठे उदाहरण मराठी मुलखाला लागूनच घडले. नांदेड जिल्ह्याच्या सीमेपलीकडील निजामाबाद आणि तेलंगणातील इतर काही जिल्ह्यांत ताडीमध्ये अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोरल हायड्रेट यांसारखी द्रव्ये मिसळून विकण्याचा गैरप्रकार बरीच वर्षे चालत आला होता. २०१५ मध्ये शासनाने त्यावर कडक कारवाई केली आणि भेसळीची ताडी एकाएकी मिळेनाशी झाली. कारवाई योग्यच होती. परंतु रोज ती ताडी पिणाऱ्या मजुरांना आपण वास्तविक कोणते औषध घेत आहोत याची कल्पनाच नव्हती. थोड्याच दिवसांत कंप, भास, असंबद्ध वर्तन आणि फिट यांनी ग्रासलेल्या शेकडो लोकांची जिल्हा रुग्णालयांत व हैदराबादच्या मानसिक आरोग्य संस्थेत रीघ लागली. पुरवठा बंद करणे आणि माणसाची सुटका करणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि ती एकाच वेळी हाती घ्यावी लागतात, हा धडा त्या घटनेने प्रशासनाला दिला.

यात्रा आणि संकल्प

उज्जैनसारख्या तीर्थक्षेत्री या विषयाला आणखी एक बाजू आहे. क्षिप्रेत स्नान करून एखादी वाईट सवय सोडण्याचा संकल्प करणे ही चांगली परंपरा आहे. तंबाखू, विडी अशा सवयी या संकल्पाने सुटल्या तर आनंदच आहे. परंतु दीर्घकाळ चालू असलेली झोपेची वा चिंतेची गोळी नदीत सोडून रिकाम्या हाताने परतणे धोक्याचे आहे. अशा व्यक्तीने संकल्प अवश्य करावा. मात्र तो “आजपासून बंद” असा न करता “आजपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी” असा करावा. अशा संकल्पाने श्रद्धेला उणेपणा येत नाही.

दुसरा प्रसंग विस्मरणाचा. समजा, विदर्भातील एक वृद्ध गृहस्थ गावच्या मंडळींबरोबर यात्रेला निघाले आणि रोजची गोळी घरीच विसरले. पहिला दिवस प्रवासात गेला. दुसऱ्या रात्री झोप आली नाही; ती धर्मशाळेतील गडबडीमुळे आली नाही असे सर्वांना वाटले. तिसऱ्या दिवशी हात कापू लागले, बोलणे असंबद्ध झाले. कोणी म्हणाले ऊन लागले, कोणी म्हणाले बाहेरची बाधा झाली. अशा वेळी बरोबरच्या एका जरी माणसाने “आजोबा रोज कोणती गोळी घेतात?” एवढे विचारले आणि तत्काळ जवळचे रुग्णालय गाठले, तर पुढचा अनर्थ टळतो. प्रवासास निघताना नेहमीच्या औषधांची पुरेशी बेगमी, डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत आणि औषधांची नावे लिहिलेला कागद जवळ ठेवावा. या तीन गोष्टी यात्रेच्या सामानात तांब्या-पळीइतक्याच आवश्यक समजाव्यात.

सोडण्याची रीत

या गोळ्या सुटतात, आणि बहुसंख्य लोकांच्या बाबतीत सुखरूपपणे सुटतात. ब्रिटनमधील न्यूकॅसल येथे प्राध्यापक हेदर अ‍ॅश्टन यांनी १९८२ ते १९९४ या काळात केवळ याच कामासाठी एक उपचार केंद्र चालविले. तेथील अनुभवाचे सार हेच की घाई न करता आणि रुग्णाच्या कलाने मात्रा उतरविली, तर वर्षानुवर्षे गोळी घेणारेही मुक्त होऊ शकतात.

अमेरिकेतील वैद्यक संस्थांनी २०२५ मध्ये एकत्रितपणे केलेल्या मार्गदर्शनानुसार सुरुवातीस दर दोन ते चार आठवड्यांनी मात्रा पाच ते दहा टक्क्यांनी कमी करण्याचा विचार करावा आणि दोन आठवड्यांत पाव हिश्श्याहून अधिक कपात सहसा करू नये. हे प्रमाण डॉक्टरांच्या माहितीसाठी आहे. प्रत्येक रुग्णाचा हिशेब निराळा असतो. काही वेळा डॉक्टर लवकर उतरणाऱ्या गोळीऐवजी सावकाश उतरणारी गोळी देतात आणि मग ती कमी करतात. एखाद्या टप्प्यावर त्रास वाढला तर तेथेच काही आठवडे थांबता येते. थांबणे म्हणजे हरणे नव्हे. अनेक वर्षे गोळी घेतलेल्यास या प्रवासाला सहा महिने, वर्ष किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. शेवटचा टप्पा पुष्कळांना सर्वांत अवघड वाटतो, हेही आधीच ठाऊक असावे.

या काळात काही पथ्ये कटाक्षाने पाळावीत. दारूला स्पर्श करू नये. गोळीचा अभाव दारूने भरून काढणे म्हणजे एका खड्ड्यातून दुसऱ्यात पडणे होय. गोळी आणि दारू, किंवा गोळी आणि अफूवर्गीय वेदनाशामक औषधे एकत्र घेतल्यास श्वास मंदावून मृत्यू येऊ शकतो. संध्याकाळनंतर चहा-कॉफी टाळावी. रोज ठराविक वेळी उठावे, दिवसा झोपू नये, चालण्याचा व्यायाम करावा. चिंतेला तोंड देण्याच्या पद्धती शिकविणारे मानसोपचार या काळात गोळीपेक्षा अधिक टिकाऊ आधार देतात.

काही व्यक्तींनी विशेष सावध असावे. अपस्मारासाठी क्लोनाझेपाम, क्लोबाझाम यांसारखी औषधे घेणाऱ्यांनी हा लेख वाचून औषधाच्या मात्रेत काडीचाही बदल करू नये. पूर्वी कधी फिट आलेली असलेल्यांनी, तसेच गर्भवती स्त्रियांनी डॉक्टरांच्या देखरेखीवाचून पाऊल उचलू नये. वृद्धांना या गोळ्यांमुळे तोल जाऊन पडण्याचा आणि विस्मरणाचा धोका अधिक असतो. त्यांची मात्रा कमी करणे हिताचे असले तरी ती आणखी सावकाश करावी लागते. कोणासही फिट आली, भास होऊ लागले, शुद्ध हरपली किंवा आत्महत्येचे विचार मनात आले, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालयात न्यावे. तेथे गेल्यावर कोणती गोळी केव्हापासून बंद आहे, हे पहिल्या वाक्यात सांगावे.

कायदा काय सांगतो

या गटातील औषधांचा समावेश १९८५ च्या अमली औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियमात करण्यात आला आहे. १ मार्च २०१४ पासून अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड, नायट्राझेपाम, झोल्पिडेम इत्यादी औषधे ‘एच-१’ या अनुसूचीखाली आणण्यात आली. त्यानुसार ती नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत. विक्रेत्याने डॉक्टरांचे नाव व पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि त्याचे प्रमाण यांची स्वतंत्र नोंदवहीत नोंद करावयाची असते आणि ती नोंदवही तीन वर्षे जपून ठेवावयाची असते.

हा नियम असूनही या औषधांचा गैरवापर मोठा आहे. केंद्र शासनाच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशातील १० ते ७५ वर्षे वयाच्या लोकांपैकी सुमारे १.०८ टक्के, म्हणजे जवळजवळ १ कोटी १८ लाख लोक, वैद्यकीय सल्ल्याबाहेर झोप आणणारी व गुंगीची औषधे वापरीत होते. डॉक्टरांच्या चिठ्ठीने गोळी सुरू करून ती वर्षानुवर्षे चालू ठेवणारे या आकड्यापलीकडचे आहेत.

कोणी काय करावे

गोळी सुरू होतानाच रुग्णाने वा नातेवाइकाने डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत: ही गोळी कशासाठी आहे, ती किती दिवस घ्यावयाची, आणि ती थांबवावयाची कशी? हे विचारण्यात उद्धटपणा नाही. कोणताही जाणता डॉक्टर या प्रश्नांचे स्वागतच करील. जुनी चिठ्ठी दाखवून पुन्हापुन्हा गोळ्या आणणे, शेजारणीला गुण आला म्हणून तिची गोळी आपण घेणे, या सवयी घराघरातून बंद झाल्या पाहिजेत.

आरोग्य सेविका व आशा कार्यकर्त्या गृहभेटीत वृद्धांच्या आणि बाळंतिणींच्या औषधांची चौकशी करू शकतात. शिक्षकांना वरच्या वर्गांत परीक्षेच्या काळजीविषयी बोलताना ही माहिती ओघाने सांगता येईल. परीक्षेच्या आदल्या रात्री घरातील मोठ्या माणसाची झोपेची गोळी घेणारा विद्यार्थी सकाळी पेपराला गुंगीत बसतो, एवढे सांगितले तरी मुलांना पुरेसे आहे. कार्यालयप्रमुखांनी उपचार घेत असलेल्या कर्मचाऱ्यास त्या काळात रजा, कामाच्या वेळा आणि वाहन चालविण्याचे काम यांबाबत सवलत द्यावी. सोडण्याच्या काळातील चिडचिड ही शिस्तभंगाची बाब समजू नये. जेथे बेकायदा पुरवठ्यावर छापा घालावयाचा आहे, तेथे संबंधित अधिकाऱ्यांनी जिल्हा रुग्णालयास आधी कळवून ठेवावे.

उपचारासाठी फार दूर जावे लागते असेही नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांतून सल्ला मिळतो. महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथे शासकीय मनोरुग्णालये आहेत. उज्जैन परिसरातील रुग्णांना स्थानिक जिल्हा रुग्णालय व वैद्यकीय महाविद्यालय, तसेच इंदूर व ग्वाल्हेर येथील मानसिक रुग्णालये यांचा लाभ घेता येतो. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ या राष्ट्रीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य बोलता येते आणि तेथे प्रादेशिक भाषांतही सल्ला दिला जातो.

सारांश असा की चिंताशामक गोळी ही थोड्या मुदतीची पाहुणी आहे. ती येताना तिच्या जाण्याचा दिवस ठरवावा. ती फार दिवस राहिली असेल तर तिला एका रात्रीत घराबाहेर काढू नये; तिचा निरोप सावकाश आणि डॉक्टरांच्या साक्षीने घ्यावा. सोडताना उसळणारी चिंता पाहून कोणी धीर सोडू नये. ती आयुष्यभराची नसून उतरणीच्या वाटेवरची आहे, आणि योग्य गतीने चालणाऱ्यास ती वाट पार करता येते.